गडावर जायच्या आधी एक रात्र आपल्याच रानात काढा

रोहिणीचे वारे सुटले की आपल्या बारामती-इंदापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ट्रेकची पोस्टर फिरायला लागतात. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, अंधारबन. शनिवारी रात्री स्टँडसमोरून गाडी, रविवारी रात्री परत, चहा-नाष्टा-जेवण पकडून अमुक इतके रुपये. पोरं पटापट नावं देतात. चांगली गोष्ट आहे. मोबाईल खिशात टाकून पोरगं दोन दिवस डोंगर चढत असेल तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. सॅक ऑनलाइन मागवायची, बूट ऑनलाइन मागवायचे, तंबू मित्राकडून उसना आणायचा आणि हे सगळं पहिल्यांदा उघडायचं ते थेट गडावर, पावसात, धुक्यात, अंधारात. हे बरोबर नाही.

नवा बैल घेतला तर आपण पहिल्याच दिवशी त्याला भरल्या उसाच्या गाडीला जुंपतो का? फवारणीचा पंप आणला तर औषध टाकायच्या आधी साधं पाणी भरून गळतोय का बघतो की नाही? मग ज्या सामानावर पोराचा जीव अवलंबून आहे, त्याची तालीम का नको?

दरवर्षी काय होतं ते आपण बघतोच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. त्याचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. मग प्रशासनाचे आदेश निघतात: अमुक धबधबा बंद, तमुक किल्ला बंद, जमावबंदी. दोन शनिवार-रविवार पोलीस उभे राहतात. तिसऱ्या आठवड्यात पोरं दुसऱ्या वाटेनं चढतात. बंदीनं गर्दी थोडी कमी होते, हे मान्य. पण पाणी अचानक कसं वाढतं, वाट चुकली तर काय करायचं, सोबतच्याला हुडहुडी भरली तर आधी काय करायचं, हे बंदी शिकवत नाही.

आणि हा प्रश्न फक्त सह्याद्रीचा नाही. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आपण विसरलेलो नाही. करमाळ्याच्या कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली आणि ६ जण गेले. रोजच्या वाटेवरचं पाणी होतं ते. वारा बघून थांबायचं कधी, अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही, हे शिक्षण पर्यटकाला लागतं तेवढंच आपल्यालाही लागतं.

म्हणून मी म्हणतो, आधी घराजवळ सराव करा. एक शनिवार-रविवार. फार लांब जायची गरज नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही दहा जणांनी हेच केलं. इंदापूर तालुक्यातल्या एका मित्राच्या पडीक रानात, त्याच्या घरच्यांना विचारून. पूर्ण सामान पाठीवर घेऊन १२ किलोमीटर चालायचं, रात्री तिथंच मुक्काम, सकाळी चालत परत. अट एकच: दुकान नाही, ढाबा नाही, घरून डबा नाही.

निघताना धान्याच्या काट्यावर सॅक ठेवल्या. ६० किलोच्या एका पोराची सॅक १७ किलो भरली. साधारण अंदाज असा की वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नवख्यानं घेऊ नये. म्हणजे त्याला १२ किलो पुष्कळ झालं. बाहेर काय निघालं? जीनच्या दोन पँटी, सेंटची बाटली, दोन किलो फरसाण आणि ब्लूटूथ स्पीकर. पाणी मात्र एकच लिटर! आपल्या भागात उन्हातून चालायचं तर दिवसाला माणशी चार लिटर तरी धरायला पाहिजे.

पाचव्या किलोमीटरला नव्या बुटांनी दोघांच्या टाचा सोलल्या. आपल्या गवतातली कुसळं मोज्यात शिरली ती वेगळीच. नवे बूट आधी पंधरा दिवस शेतात, बाजारात घालून फिरायचे असतात, हे त्या दोघांना आता जन्मभर सांगावं लागणार नाही.

तंबू ठोकायला घेतले तर मुरमात खुंट्या शिरेनात. ॲल्युमिनियमच्या चार खुंट्या वाकल्या. मग दोरीला दगड बांधून तंबू ताणायला शिकलो. गडावरच्या कातळावर हेच करावं लागतं, तिथं तर मुरूमही नसतो.

शेजारच्या रानात मेंढरांचा वाडा उतरला होता. तिथले म्हातारे मामा गंमत बघायला आले. एक नजर टाकून म्हणाले, "पोरांनो, तंबूचं तोंड वाऱ्याकडं कशाला केलंय? फिरवा. आन् निजायच्या आधी बूट उपडं घाला. इच्चू शिरतोय." दोन वाक्यांत दोन धडे, फुकट.

पहाटे चारला निम्मे जण जागे. स्लीपिंग बॅगेवर छापलेलं तापमान बघून सगळे निर्धास्त झोपले होते. पण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. ज्यांनी खाली जाड मॅट घातली होती ते घोरत होते. मामांकडून आणलेली घोंगडी ज्यानं अंगाखाली घेतली, तो तर सगळ्यात शेवटी उठला.

सकाळी वॉटरप्रूफ लिहिलेल्या सॅकांवर एकेक बादली पाणी ओतलं. दहातल्या सहा शिवणीतून गळल्या. उपाय फार साधा आहे: सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, कपडे आणि झोपायचं सामान त्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. खर्च वीस-तीस रुपये.

रात्री नकाशाचाही सराव केला. मोबाईल बंद करून दिशा सांगा म्हटलं. पोरं हुशार, भवानीनगरच्या कारखान्याचे दिवे बघून लगेच सांगितली. मी म्हटलं, शाबास, पण हरिश्चंद्रगडावर धुक्यात कारखाना कुठून आणणार? मग होकायंत्र बाहेर निघालं. नेटवर्क नसताना चालणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवायचा असतो, हेही तेव्हाच समजलं.

आता या सगळ्याचा अर्थ बघा. टाच सोलली, सॅक गळली, खुंट्या वाकल्या, थंडीनं दात वाजले. सगळं झालं. पण घर २० किलोमीटरवर होतं. कुणाला ताप भरला असता तर अर्ध्या तासात मोटारसायकलवरून दवाखान्यात. हेच चार प्रकार एकाच रात्री गडावर, पावसात झाले की त्याची बातमी होते.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या पोराला रानात राहायला काय शिकवायचं? हे पुण्या-मुंबईच्या लोकांचे चोचले. हा गैरसमज आहे. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या पोराला अंधाराची भीती नसते, साप दिसला तर तो बिचकत नाही, हे खरं. पण साप चावल्यावर काय करायचं, हे विचारून बघा. अजूनही घट्ट दोरी बांधा, ब्लेडनं चिरा, मांत्रिकाकडं न्या, अशी उत्तरं येतात. चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही आपल्याकडं आहेत. हे शिक्षण गडासाठी लागतं आणि उसाच्या फडासाठीही.

शिवाय शिकवणारी माणसं आपल्याकडं आहेत. आपले मेंढपाळ दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन कोकणाच्या दिशेनं निघतात आणि पावसाआधी देशावर परततात. सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. काय न्यायचं आणि काय मागं ठेवायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? भिजली तरी ऊब देणारी घोंगडी, काठी, मेंढरं कोंडायची वाघर, राखणीची कुत्री. एक वस्तू जास्त नाही, एक कमी नाही. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं तेव्हा आपण फोटो काढायला पुढं असतो. त्याच माणसांना वर्षातून दोन दिवस शिक्षक म्हणून बोलवावं, मानधन द्यावं, असं आपल्याला सुचत नाही. कुंभारगाव-भिगवणचे मच्छीमार उजनीचा वारा ओळखतात. वनरक्षक पायाचे ठसे वाचतात. ही आपली विद्यापीठं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सराव करायचा म्हणून उठून कुठल्याही माळावर जायचं नाही.

आपल्या दोन तालुक्यांतला माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. सरकारी कागदावर त्याला बऱ्याचदा पडीक म्हणतात, पण तिथं लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे, चिंकारा आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी १९९७ मध्ये झालं, क्षेत्र उणंपुरं ५.१४ चौरस किलोमीटर. कडबनवाडी आणि शिरसुफळला वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिथं जायचं तर रीतसर नोंदणी करून, गाडीतून, त्यांच्या वाटेनं. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही आणि राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. थंडीत लांडग्यांची पिल्लं बिळात असतात. धाविक आणि टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आपल्या बुटाखाली कधी येतील कळणार नाही. आपल्या एका शेकोटीनं वाळलेला माळ पेटला तर मेंढरांचा चारा गेला आणि लांडग्याचं घरही गेलं.

म्हणजे अडचण अशी आहे: वनजमिनीवर जायचं नाही, खाजगी रान सगळ्यांकडं नाही, आणि पोरांना शिकायचं तर आहे. ही अडचण सोडवायचं काम सार्वजनिक आहे, म्हणून ही पोस्ट.

माझ्या मागण्या चारच आहेत.

१. दोन्ही तालुक्यांत प्रत्येकी एक सरावाची जागा ठरवा. वनक्षेत्र नको, मेंढपाळांची चराई अडेल अशी नको. तालुका क्रीडा संकुलाची मोकळी बाजू, बंद पडलेली शाळा, ग्रामपंचायतीची वापरात नसलेली जागा चालेल. पाण्याचा नळ, संडास आणि नियमांचा मराठी फलक, एवढ्यावर भागतं. राहण्याचं भाडं ग्रामपंचायतीला मिळू दे.

२. कॉलेजांनी सामानाची पेढी काढावी. पाच तंबू, दहा मॅट, होकायंत्रं, प्रथमोपचाराच्या पेट्या, लाइफ जॅकेट. ग्रंथालयातून पुस्तक नेतात तसं अनामत ठेवून न्यायचं. गरिबाच्या पोरानं दहा हजारांचं सामान विकत घ्यावं आणि ते वर्षातून दोनदा वापरावं, याला अर्थ नाही.

३. एनएसएस आणि एनसीसीच्या शिबिरात दोन दिवस यासाठी राखा. रस्ता झाडणं आणि भाषणं ऐकणं यापलीकडं काहीतरी हातात पडू दे. गिर्यारोहण संस्थांचे प्रशिक्षक आणि आपले मेंढपाळ-मच्छीमार दोघांनाही बोलवा.

४. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना पालकांनी एक प्रश्न विचारावा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का? प्रथमोपचार शिकलेला माणूस सोबत आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पोरगं पाठवू नका.

यात कोट्यवधींचा निधी लागत नाही. भूमिपूजनाची कोनशिलाही लागत नाही. कदाचित म्हणूनच हे कुणाला सुचत नसेल, पण तो विषय पुन्हा कधी.

१५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा असते. हा विषय लेखी द्या, इतिवृत्तात येईल असं बघा. बाकीच्या तीन गोष्टींसाठी कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा, मीही भेटणार आहे.

आणि तोवर ज्यांचं ट्रेकचं बुकिंग झालंय त्यांनी एवढं तरी करा: या शनिवारी सॅक पूर्ण भरा, काट्यावर ठेवा, पाठीवर घेऊन गावाला एक लांब फेरी मारा आणि रात्री गच्चीवर त्याच सामानात झोपा. शेजारी हसतील. हसू द्या. गच्चीवर भिजलं तर जिना उतरून घरात जाता येतं.