वर्ग पुढे जातो, मूल मागे राहते

शाळेचा विषय निघाला की आपल्या समाजात चर्चा होते ती प्रवेशाची, माध्यमाची, शुल्काची आणि दहावीच्या निकालाची. वर्गाचे दार बंद झाल्यावर आत काय घडते, शिक्षक शिकवीत असताना मुलाच्या मनात नेमके काय उतरते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. २०२५ साली त्रिभाषा सूत्रावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, जूनमध्ये त्या निर्णयात फेरफार झाला आणि अखेर २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन सरकारने डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुलाने किती भाषा शिकाव्यात यावर सारे राज्य हिरिरीने बोलले. परंतु तिसरीतल्या मुलाला पहिलीच भाषा धड वाचता येते का, या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. ‘प्रथम’ ही मुंबईत उभी राहिलेली संस्था २००५ पासून ग्रामीण भारतातील घरोघरी जाऊन मुलांची वाचन आणि गणिताची साधी चाचणी घेते. ‘असर’ या नावाने हा अहवाल प्रसिद्ध होतो. २०२४ च्या अहवालानुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. २०२२ मध्ये, कोरोना काळातील बंद शाळांनंतर, तिसरीचा आकडा १६.३ टक्क्यांपर्यंत घसरला होता. त्या तुलनेत झालेली सुधारणा निश्चितच स्वागतार्ह आहे. तरीही पाच वर्षे शाळेत बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले दुसरीचे पान वाचू शकत नाहीत, हे सत्य त्यामुळे झाकले जात नाही.

दोष मुलाचा की गतीचा?

असे का होते, याचे उत्तर देताना आपण सहसा दोघांना दोषी धरतो. एक तर ‘मूलच ढ आहे’ असे म्हणतो, नाही तर ‘शिक्षक शिकवीतच नाहीत’ असे म्हणून मोकळे होतो. अभ्यासकांचा निष्कर्ष याहून वेगळा आहे. दोष प्रामुख्याने वर्गाच्या गतीचा आहे. पाठ्यपुस्तक जूनमध्ये सुरू होते आणि ठरलेल्या वेळी संपलेच पाहिजे. शिक्षकाला जाब विचारला जातो तो ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला का’ याचा. पुस्तकाबरोबर धावू शकणारी मुले पुढे निघून जातात. दुसरीत अक्षरओळख अपुरी राहिलेले मूल तिसरीच्या पुस्तकासमोर बसते, तेव्हा ते पुस्तक त्याच्यासाठी मुकेच असते. चौथीत हे अंतर वाढते, पाचवीत आणखी वाढते. वर्ग पुढे जात राहतो, मूल मात्र तिथेच राहते.

केनियामध्ये मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. गरीब शाळांना पाठ्यपुस्तके पुरवली तर मुलांचे शिक्षण सुधारेल, अशी सर्वांचीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात लाभ झाला तो आधीपासून हुशार असलेल्या मुलांना, बाकीच्यांच्या गुणांत फरक पडला नाही. पुस्तके इंग्रजीत होती आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पुस्तक देणे म्हणजे तहानलेल्याला विहीर दाखवून दोर न देण्यासारखे आहे.

मुंबईच्या शाळांतून उमगलेला धडा

याच प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जवळच, मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत सापडले. २००१ नंतरच्या काही वर्षांत तेथे ‘बालसखी’ हा उपक्रम राबविण्यात आला. वस्तीतील, शालेय शिक्षण घेतलेली एखादी तरुणी वर्गातील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून त्यांना जिथून येत नव्हते तिथून शिकवीत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या उपक्रमाची काटेकोर तपासणी केली. मुलांचे गुण वाढले आणि सर्वाधिक प्रगती सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाली. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या तिघांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे अशा प्रयोगांचा मोठा वाटा होता.

पुढची गोष्ट त्याहूनही उद्बोधक आहे. हीच पद्धत बिहारमधील सरकारी शिक्षकांना शिकविण्यात आली. उन्हाळी सुट्टीच्या वर्गांत त्याच शिक्षकांनी ती यशस्वीपणे वापरली. नियमित शाळा सुरू होताच मात्र ते पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे वळले आणि प्रशिक्षणाचा परिणाम जवळजवळ दिसेनासा झाला. हरियाणात मात्र शाळेच्या वेळापत्रकातच रोज एक तास यासाठी राखून ठेवला. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता त्यांना काय येते त्यानुसार केले आणि देखरेखही ठेवली. तेथे भाषेत स्पष्ट प्रगती दिसली. याचा अर्थ उघड आहे. शिक्षकाला शिकवता येत नाही असे नाही. मागे राहिलेल्या मुलासाठी थांबण्याची मुभा त्याला व्यवस्था देत नाही.

या पद्धतीत एक धोकाही आहे आणि तो नजरेआड करता कामा नये. गट कायमचे झाले तर ‘हुशारांचा गट’ आणि ‘ढांचा गट’ अशी शिक्के मारलेली विभागणी होते. म्हणून हे गट दिवसातील ठरावीक वेळेपुरते असावेत, दर काही आठवड्यांनी नव्याने तपासले जावेत आणि उरलेल्या वेळी सर्व मुले एकत्रच बसावीत. गट ही पायरी असावी, कुंपण नव्हे.

वाचणे म्हणजे काय?

वाचनाचे शास्त्र सांगते की वाचन दोन गोष्टींच्या गुणाकारातून घडते. पहिली, लिखित चिन्हांचा उच्चार ओळखणे. दुसरी, ती भाषा कानाने ऐकून समजणे. १९८६ साली गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी हा विचार मांडला. गुणाकार असल्यामुळे यांतील एक गोष्ट शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. आपल्या परिसरात दोन्ही प्रकारची मुले भेटतात. एखाद्या मुलाला मराठी उत्तम बोलता येते, परंतु जोडाक्षर आले की ते अडखळते. दुसरे मूल इंग्रजी धडा घडाघडा वाचून दाखवते, पण धड्यात काय सांगितले आहे असे विचारताच गप्प बसते. पहिल्या मुलाची उणीव लवकर लक्षात येते. दुसऱ्याची मात्र आईवडिलांना कौतुकाची वाटते आणि ती आठवी-नववीत विज्ञान व इतिहासाची पुस्तके समोर आली की उघडी पडते.

येथे आपल्या समाजाने थोडे अंतर्मुख व्हावे. वसई परिसरातील अनेक ख्रिस्ती घरांत कादोडी किंवा वाडवळी बोलली जाते, उपासना मराठीत होते आणि मुलाची शाळा इंग्रजी असते. डहाणू-जव्हारकडील मूल घरी वारली बोलते आणि शाळेत प्रमाण मराठीला सामोरे जाते. घरची भाषा वेगळी असणे हा मुलाचा दोष नव्हे, ती त्याची पुंजी आहे. त्या भाषेतील शब्द, गोष्टी आणि अनुभव यांवरच नवी भाषा उभी राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. माध्यमाची निवड हा पालकांचा अधिकार आहे. परंतु ‘घरीही इंग्रजीच बोला’ असा आग्रह धरून, ज्या भाषेत आई मनातले सांगू शकते ती भाषाच मुलापासून हिरावून घेण्यात शहाणपण नाही. समृद्ध बोली आणि घरातील भरपूर संभाषण हीच पुढच्या इंग्रजीचीही पूर्वतयारी असते.

पाठांतर, आठवण आणि समज

पाठांतर वाईट की चांगले, हा वाद जुना आहे. तोही अभ्यासाने बराच सोपा केला आहे. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के भाग स्मरत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुस्तक मिटून स्वतःला विचारणे हाच अभ्यासाचा कस आहे. धडा दहा वेळा वाचणाऱ्या मुलाला ‘आता मला सांग पाहू’ असे म्हणणारी आजी नकळत हेच शास्त्र पाळत असते.

गणिताविषयीचा अलीकडचा निष्कर्ष तर विचार करायला लावणारा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात बॅनर्जी, डुफ्लो आदींनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले भाजीचा हिशेब तोंडी, अचूक आणि झटपट करीत होती, परंतु शाळेच्या पद्धतीने मांडलेले तसेच गणित त्यांना सोडवता येत नव्हते. उलट, केवळ शाळेत शिकणारी मुले बाजारातील हिशेबात गोंधळत होती. वसईची भाजी आणि फुले पहाटे मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या पिढ्यांना यात नवल वाटणार नाही. बाजार आणि फळा यांच्यामध्ये पूल बांधणे हेच शिक्षकाचे खरे काम आहे.

नापास करून प्रश्न सुटेल का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवू नये, असे ठरविले. अपमानित होऊन शाळा सोडणारी मुले वाचावीत, हा त्यामागचा सद्हेतू होता. परंतु ‘नापास करू नका’ या सूचनेबरोबर ‘मागे राहिलेल्याला हात द्या’ ही व्यवस्था उभी राहिली नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानुसार २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. परीक्षेने दुखणे कळते, ते बरे होत नाही. दुसरीत चुकलेली वाट पाचवीच्या परीक्षेत सापडली तर मधली तीन वर्षे वाया गेलेली असतात. त्याच वर्गात त्याच पद्धतीने तेच पुस्तक पुन्हा शिकविल्यास चौथे वर्षही तसेच जाईल.

कोसबाडचा वारसा

वेगळी वाट दाखविणारे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले आणि मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते हे जगाला दाखवून दिले. गिजुभाई बधेका यांच्यासह ताराबाई मोडक यांनी तो विचार भारतीय मातीत रुजविला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. ही दोन्ही गावे आजच्या पालघर जिल्ह्यातच आहेत. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जातात असे दिसले तेव्हा कुरणातच शाळा भरली. महागड्या साधनांची जागा शंख, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करणे हे तत्त्व नोबेल विजेत्यांनी मोजून सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी या दोन स्त्रियांनी ते आचरणात आणले होते.

आपल्या धर्मग्रामांत शाळा आहेत, सभागृहे आहेत, निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत आणि सुट्टीत मोकळे असलेले महाविद्यालयीन तरुण आहेत. तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाकडून एक साधा उतारा वाचून घेणे आणि ज्याला तो वाचता येत नाही त्याच्यासाठी रोज एक तास राखून ठेवणे, याला मोठा निधी लागत नाही. शाळेच्या व्यवस्थापनाने शिक्षकांना ‘पुस्तक संपले का’ याऐवजी ‘किती मुलांना आले’ असे विचारावे. पालकांनी गुणपत्रिकेवरील आकड्याआधी मुलाकडून एक पान वाचून घ्यावे आणि त्यात काय सांगितले आहे ते त्याच्याच बोलीत ऐकावे. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार आपण अवश्य करावा. मात्र शाळेची खरी परीक्षा शेवटच्या बाकावरील मूल देत असते आणि त्याच्या निकालात आपणा सर्वांचा निकाल दडलेला असतो.