मुदत संपलेलं कुलूप

डीव्हीडीचे रीजन कोड ठरवणाऱ्यांनो,

जगाचे तुकडे पाडलेत तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर कोण राहतं आणि त्यांची माणसं कुठं असतात, हे कुणाला विचारलं होतंत का? भारताला रशिया आणि आफ्रिकेतल्या बहुतेक देशांबरोबर पाच नंबरात टाकलंत. इस्रायलला युरोप आणि जपानबरोबर दोन नंबरात. तुमचं काम झालं. आमच्या एका घराची मात्र दोन घरं झाली.

मी अलिबागचा बेने इस्रायली, म्हणजे इथला ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, नवगावकर, ही आमची आडनावं इथल्याच गावांवरून पडलेली. १९४८ नंतर यातली बहुतेक माणसं इस्रायलला गेली. माझी आत्या तिकडं दिमोनाला असते. फोनवर अजून अलिबागचंच मराठी बोलते.

तिनं एका सिनेमाची डीव्हीडी पाठवली, 'टर्न लेफ्ट ॲट द एन्ड ऑफ द वर्ल्ड'. दिग्दर्शक आवी नेशर, साल २००४. भारतातून गेलेलं ज्यू कुटुंब, वाळवंटातली नवी वस्ती, मोरोक्कोहून आलेले शेजारी. आपले परमीत सेठी आणि कृत्तिका देसाई त्यात आहेत. वाळवंटात क्रिकेट खेळतात! आत्यासारख्यांच्याच आयुष्याची गोष्ट. ती पाहायची परवानगी दिमोनात आहे आणि अलिबागेत नाही, हे कुठल्या न्यायानं?

पाकिटाच्या मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह असतं आणि त्यात तुमचा आकडा. ड्राइव्हमध्ये घातल्यावर चकती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि पडद्यावर सूचना आली: रीजन जुळत नाही. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. नणंदेनं पाठवलेला सिनेमा बघायला बसलेल्या बाईला मी काय सांगायचं? की आपण पाच आहोत आणि आत्या दोन आहे?

डीव्हीडीच्या आधी व्हिडिओ कॅसेट होती. इस्रायलची पद्धत पाल, आपलीही पाल. तिकडून बारशाची आली, सिनेमाची आली, व्हीसीआरमध्ये ढकलली की चालायची. अमेरिकेची कॅसेट अडायची, पण ते अडणं यंत्राचं होतं, चित्र उमटायची पद्धतच वेगळी. कॉम्प्युटरला तर तोही भेद नाही. पाल असो, अमेरिकेची एनटीएससी असो, दोन्ही तो निमूट दाखवतो. म्हणजे जी अडचण खरी होती ती यंत्रानं सोडवली, आणि जी नव्हतीच ती तुम्ही आणून बसवलीत. का?

आणि आणताना सांगितलं काय होतंत? एका डीव्हीडीवर आठ भाषांचा आवाज आणि बत्तीस भाषांतली सबटायटल्स मावतील. बत्तीस भाषांना जागा ठेवलीत, आणि शेजारच्या नंबरातल्या माणसाला ठेवली नाहीत?

तुमचं कारण मला माहीत आहे. सिनेमा अमेरिकेत आधी लागतो, बाकीच्या देशांत मागाहून. थेटरात लागायच्या आधीच डीव्हीडी पोचली तर तिकिटं कोण काढणार? भावही देशोदेशी वेगळे ठेवायचे होते. धंद्याचं गणित आहे, समजू शकतो. पण २००४ चा सिनेमा अलिबागेत कधी लागणार होता, की त्याची अजून राखण चालू आहे? त्याची पाच नंबरची डीव्हीडी मला आजवर दुकानात दिसलेली नाही. म्हणजे आम्हाला विकलीही नाहीत आणि दुसरीकडून आली तर पाहूही देत नाही. ज्या कारणासाठी कुलूप घातलंत त्याची मुदत काही महिन्यांची होती. कुलपाला मुदतच ठेवली नाहीत.

दिवाणखान्यातल्या प्लेअरचं तरी बरं होतं. दुकानदार रिमोटवरून चार आकडे दाबून त्याला सगळे रीजन चालवायला लावायचा. कॉम्प्युटरवर तुम्ही तीही वाट बुजवलीत. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये नंबर चिपमध्येच जाऊन बसला. डिव्हाइस मॅनेजर उघडावा, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डीव्हीडी रीजन' बघावं, तिथं लिहिलेलं असतं किती बदल शिल्लक. सगळे मिळून पाच. मग शेवटचा नंबर कायमचा. फॉरमॅट मारा, विंडोज नवं टाका, ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावा, तो आकडा हलत नाही.

पाचच का? माणसाची किती माणसं परदेशी असावीत, याचा हा हिशोब आहे का?

आकडा शून्य झाला तर नवा ड्राइव्ह घ्या, असं म्हणाल. आमच्या खाऱ्या हवेत लेन्स धुरकटते, तेव्हा ड्राइव्ह बदलणं आम्हाला नवीन नाही. पण नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच येत नाही, आणि बाहेरून लावायचा घेतला तरी त्याच्या चिपमध्येही तेच पाच.

आम्ही इकडून आत्याला मराठी सिनेमे पाठवत आलो. त्यांवर नंबर नव्हता. दिमोनाच्या घरी ते पहिल्या फटक्यात लागले. रस्त्यावर चादर अंथरून विकलेल्या चोरीच्या डीव्हीडीवरही नंबर नसतो, तीही कुठंही चालते. अडतो तो फक्त तुमच्याकडून रोख पैसे मोजून घेतलेला माल. चोराला मोकळं सोडून गिऱ्हाइकाला दारात उभं केलंत, याची कधी लाज वाटली नाही?

पोरं सांगतात, व्हीएलसी प्लेअर टाक, नंबर न विचारता चालवतं. बऱ्याच ड्राइव्हवर चालवतंही. पण आत्यानं पैसे देऊन घेतलेली वस्तू आईला दाखवायला मी मागच्या दारानं का जावं? डीव्हीडीचं कुलूप उघडलं म्हणून नॉर्वेच्या योन योहान्सन या पोरावर तुमच्या बाजूच्या लोकांनी खटला भरायला लावला होता. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी उघडून पाहणं हा गुन्हा नव्हे, म्हणून ओस्लोच्या न्यायालयानं त्याला २००३ मध्ये सोडलं. आपल्याकडं २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं. हक्क बुडवायच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. मला कुणाचा हक्क बुडवायचा नाही. तरी घरचा सिनेमा लावताना कायद्याचं कलम मनात यावं, ही पाळी तुम्ही आणलीत.

ब्लू-रे आली तेव्हा वाटलं होतं, आता तरी शहाणे झाला असाल. सहाचे तीन केलेत आणि पुन्हा इस्रायल बीमध्ये, भारत सीमध्ये. मग २०१६ मध्ये फोर-के ब्लू-रे आली आणि तिच्यावर नंबरच ठेवला नाहीत. कुणाचं थेटर बुडालं त्यानं? म्हणजे नंबरावाचून चालतं, हे तुम्हालाच कळलेलं आहे. मग जुन्या डीव्हीडींचं काय? ज्यांनी तुमच्यावर आधी विश्वास टाकला, आधी पैसे मोजले, ती माणसं हिशोबातच नाहीत?

आईनं तो सिनेमा शेवटी पाहिला. मी रीजन दोन केला, नंतर पुन्हा पाच, कारण मुंबईहून घेतलेल्या डीव्हीडी पाचच्या आहेत. परवा ती म्हणाली, परत लाव ना. आधीचे बदल धरून आता एकच शिल्लक आहे. तो केला की मुंबईच्या कायमच्या बंद. नाही केला तर आत्याची बंद.

तुमचा नवा माल आम्हाला नको. पाचची मर्यादा काढणारं फर्मवेअर ड्राइव्ह बनवणाऱ्यांना उघडपणे देऊ द्या, आणि विकत घेतलेली डीव्हीडी कुठल्याही नंबरात पाहायला मोकळी आहे, एवढं एकदा लेखी जाहीर करा. मी तोवर तो शेवटचा बदल करणार नाही.

अलिबागचं एक जुनं गिऱ्हाईक