गाडी पुन्हा बसली!

काय मंडळी, यंदा तुमची सायकल किती वेळा पंक्चर झाली? आमच्या शाळेच्या गाडीचं विचाराल, तर दिवाळीपासून मार्चपर्यंत नऊ वेळा!

ही गाडी म्हणजे बागेची दोनचाकी हातगाडी. आमचं गाव माणदेशात. पाण्याचा नळ मैदानाच्या एका टोकाला आणि पावसाळ्यात लावलेली बावीस रोपं दुसऱ्या टोकाला. मधे बाभळी. दहा-दहा लिटरचे सहा डबे गाडीत ठेवायचे, दोघांनी ओढायचं, दोघांनी मागून रेटायचं. आणि अर्ध्या वाटेत कुणीतरी ओरडायचं, “बाई, पुन्हा बसली की गाडी!”

पंक्चरवाला तीन किलोमीटरवर, फाट्यावर. चाक काढून मी स्कूटरवर न्यायची. एरवी तेवढ्यानं भागायचं. पण मार्चअखेरीला ट्यूब व्हॉल्व्हपाशीच फाटली, त्या मापाची दुसरी मिळेना, आणि गाडी आठ दिवस बसून राहिली. मुलांनी हातानं डबे वाहिले, पण शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पुरलं नाही. पाच रोपं वाळली. आमच्याकडे रोप ज्यानं लावलं त्याचं. दुसरीतल्या एका मुलाचा आवळा त्यात गेला. त्यानं मला विचारलं, “बाई, चाकात हवा नव्हती म्हणून माझं झाड मेलं?”

खरं सांगते, मला उत्तर देता येईना. त्याच आठवड्यात ठरवलं, हवेची चाकं काढायची आणि भरीव बसवायची.

तुम्ही म्हणाल, मग चाकात हवा भरायचं सुचलं तरी कुणाला? तुमच्याएवढ्याच एका मुलामुळे सुचलं. बेलफास्ट गावात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर राहत. त्यांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा. तिची चाकं भरीव रबराची आणि रस्ते दगडी. पोराची हाडं खिळखिळी व्हायची! वडिलांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे कळलं, की रॉबर्ट थॉमसन यांनी असंच टायर १८४५ मध्येच पेटंट करून ठेवलं होतं. गंमत म्हणजे याच थॉमसननी नंतर वाफेच्या अवजड गाड्यांना भरीव रबराची टायरं बसवली. तेव्हा आमचं हे उलट्या दिशेनं जाणं काही जगावेगळं नाही बरं का!

हवा काम कसं करते बघा. आम्ही टायरात ३० पौंड हवा भरायचो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाब. भरलेली गाडी ८४ किलोची, एका चाकावर ४२ किलो. ४२ ला २.१ नं भागा. उत्तर २०. म्हणजे ते टायर जमिनीला अवघं २० चौरस सेंटिमीटर टेकतं, आगपेटीपेक्षा थोडंसंच जास्त! हवा कमी झाली की टायर पसरतं आणि गाडी जड होते. सायकल चालवताना हे तुमच्या पायांना कळलेलं असेलच.

भरीव चाकं दोन तऱ्हेची मिळतात. एक संपूर्ण रबराचं, चांगलंच जड. दुसरं पॉलियुरेथेनच्या फेसाचं. पुष्कळ चपलांचे तळवे याच जातीचे असतात. त्यात हवा असतेच, पण एका मोठ्या खोलीत नाही, असंख्य बारीक बंद खोल्यांत. काटा घुसला तर चार खोल्या फुटतील, बाकीच्या शाबूत! आम्ही हे दुसरं घेतलं.

आणि इथं बाईंची फजिती झाली. जुन्या टायरवर ४.००-८ लिहिलं होतं, तेवढंच बघून मी तालुक्याहून चाकं आणली. उंची बरोबर होती, पण गाडीच्या आसावर चाक डुगडुगायला लागलं. पाचवीतल्या एका मुलीनं कागदाची पट्टी आसाभोवती गुंडाळली, मोजली, ५ सेंटिमीटर भरली. तिला ३.१४ नं भागलं. आस १६ मिलिमीटरचा! मी आणलेल्या चाकाचं भोक २० चं. मग मुलांनीच चाकाची उंची, भोक, तुंब्याची लांबी आणि किती वजन पेलायला हवं, अशी चारही मापं लिहून दिली, आणि मी मुकाट्यानं चाकं बदलून आणली. दोन चाकांना अडीच हजार लागले. नऊ पंक्चरांना त्याच्या निम्मेही लागले नव्हते, हेही सांगायला हवं.

बरं, गाडी आता उधळल्यासारखी पळते का? छे! दगडावरून गेली की दण्णकन आदळते. पहिल्या दिवशी निम्मं पाणी वाटेतच सांडलं. शेवटी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, “अगं, डब्यात लिंबाचा डहाळा टाका की!” डोक्यावरून घागर आणणाऱ्या बायकांची ही जुनी युक्ती. पाला तरंगत राहतो आणि पाणी हिंदकळायचं कमी होतं. आणखी एक काळजी घ्यावी लागते. गाडी भरलेली ठेवून उन्हात उभी करायची नाही. फेस एकाच जागी दबून चाक चपटं होतं.

आणि हो, लगेच बाबांच्या मागे लागून सायकलला असली टायरं मागू नका! चालण्याच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला ती ठीक. वेगात त्या धक्क्यांनी तुमचं काय होईल, ते डनलॉपच्या मुलाला विचारा.

सुट्टीतही गावातली पोरं पाळीपाळीनं पाणी घालत होती. सतरा रोपं तगली, आणि आवळ्याच्या खड्ड्यात नवा आवळा लावलाय. परवा आम्ही चिमटा घेऊन चाकांतले काटे उपटले. एकोणीस निघाले. दुसरीतल्या त्या मुलानं ते खडूच्या खोक्यात भरून माझ्या टेबलावर ठेवलेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “ही आमची न झालेली पंक्चरं!”