भाजणी, पूल आणि मत

आमच्या डोंबिवलीत ‘कोण निवडून आलं?’ असं हल्ली कुणी विचारत नाही. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चारही विधानसभांना इथून भाजपचे रवींद्र चव्हाण निवडून आले. समोरचा पक्ष तेवढा बदलत राहिला. आधी मनसे, मग शिवसेना, पुन्हा मनसे, शेवटी ठाकरेंची शिवसेना. २००९ ला बारा हजारांचं असलेलं मताधिक्य २०२४ ला सत्त्याहत्तर हजारांवर गेलं. लोकांचा कौल आहे, तो मान्यच.

पण मैत्रिणींनो, मला टोचतो तो २०१९ चा निकाल. त्या सप्टेंबरात पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल धोकादायक म्हणून बंद झाला. मी पश्चिमेला कोपर रोडला राहते. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घालून. लोकलच्या डब्यात आम्हा बायकांना दुसरा विषयच नव्हता.

महिनाभरात, २१ ऑक्टोबरला मतदान आलं. सोमवारची सुट्टी, दिवाळी तोंडावर. ‘माझ्या एकटीच्या मतानं काय होणार?’ म्हणत मी चकलीची भाजणी चाळत बसले! राज्यात साठ टक्क्यांवर मतदान झालं, आमच्याकडे जेमतेम चाळीस. विजयी उमेदवाराला मिळाली शहाऐंशी हजार मतं. घरी बसलेले त्याच्या दुपटीहून जास्त. त्यात मीही होते.

पूल सुरू व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडलं. मी मत दिलं असतं तर तो लवकर झाला असता, असं नाही म्हणत मी. पण मतं केंद्रानुसार मोजली जातात. कुठून किती मतदान झालं, ते प्रत्येक पक्षाला कळतं. जिथले लोक मतदानाला उतरतच नाहीत, तिथलं गाऱ्हाणं कोण मनावर घेणार? कुणाला मत द्यायचं ते आपलं आपण ठरवावं. कुणीच पटत नसेल तर २०१३ पासून ‘नोटा’चं बटणही आहे.

२०२४ ला मी सकाळीच जाऊन आले. आमच्याकडचा टक्काही वाढला, तरी राज्याच्या ६६ टक्क्यांच्या मागेच राहिला.

तुमच्याही गावात असा एखादा पूल, नळ नाहीतर दवाखाना अडलेला असेलच. तेव्हा आजच यादीत आपलं नाव बघा. लग्नानंतर माहेरच्या यादीतलं नाव सासरी आणायचं राहूनच जातं. त्यासाठी आठ नंबरचा अर्ज भरावा लागतो. भाजणी काय, संध्याकाळीही चाळता येते.