पोटातले पाणी

इंजिनातून नको तो आवाज आला की आपल्याकडचे गाडीवाले ‘नॉकिंग’ एवढे म्हणून मोकळे होतात. मराठीच्या मास्तराला हे कसे पटावे? ज्या भाषेत टिकटिक, किणकिण, खडखड, ठकठक असे निरनिराळे शब्द आहेत, त्या भाषेच्या माणसाने दुखणे सांगताना कंजुषी का करावी? आणि ही नुसती हौस नव्हे, बरे का! या शब्दांवर पुष्कळ रुपये अवलंबून असतात.

आमच्या ताईने २०२४ च्या दसऱ्याला वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. चैनीसाठी नव्हे. भावजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, ऐन वेळी रिक्षा मिळत नाही, म्हणून मुदतठेव मोडून घेतली. गाडी दिसायला लखलखीत. दोन महिन्यांत ती बोलू लागली. विकणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, “पेट्रोल चांगले भरा, थांबेल.”

आता, पेट्रोल हलके असले तर आवाज येतो तो किणकिण असा. चढावर, इंजिनावर भार पडला म्हणजे. ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता सिलिंडरातले उरलेले मिश्रण आपले आपणच भडकते, त्याचा तो आवाज. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले की तो कमी होतो. टॅपेटची फट वाढली तर शिलाईच्या यंत्रासारखी टिकटिक येते. तिचा त्रास कानाला, खिशाला फारसा नाही. ताईच्या गाडीचा आवाज या दोन्हींतला नव्हता. तो खालून येई, जड, आणि वेगाबरोबर वाढणारा. कोणी वरवंट्याने जमीन ठोकावी तसा : ठक, ठक, ठक.

आमचे मिस्त्री मितभाषी. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा पट्टा स्वच्छ, आणि एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर गढूळ रेघ! मग डिकीतले स्टेपनीचे चाक उचलले. खाली मऊसूत गाळ. “सर, ही गाडी पोहून आलीय,” एवढेच ते म्हणाले.

२५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवसांनंतर पुष्कळ गाड्या न्हाऊन-माखून बाजारात येतात. नुसते भिजल्याने इंजिन मरत नाही. पण पाण्यात ते चालू असले, किंवा बंद पडल्यावर मालकाने उतावळेपणाने पुन्हा चावी फिरवली, की एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरात जाते. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन मध्येच अडतो, खालून क्रँक रेटतच असतो, आणि बिचारा कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर गाडी महिनोनमहिने धावते. तेलात पाणी मिसळले तर ते दुधाळ चहासारखे दिसते आणि बेअरिंगे खाते. मात्र विकणाऱ्याने तेल बदलले की हा साक्षीदार फितूर! आमच्या गाडीचे तेल अगदी मधासारखे होते.

मिस्त्रींनी एकेका सिलिंडरच्या कॉइलची पिन काढून पाहिली. तिसऱ्याची काढताच ठकठक मंदावली. मग चारी सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. तीन जवळजवळ सारखे, तिसरे बरेच खाली. वाकलेल्या रॉडचा पिस्टन पुरता वर पोचत नाही, म्हणून दाबही कमी. दोन साक्षी जुळल्या. इंजिन खोलल्यावर रॉड वाकलेला निघाला, बेअरिंगची शेलही खरवडलेली. तशीच दामटली असती तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असता, म्हणजे सगळे इंजिनच गेले असते.

मी सीटबेल्टचे, गाळाचे आणि आकड्यांचे फोटो त्या गृहस्थांना पाठवले, सोबत एक शुद्ध मराठी पत्र. आठ दिवस सामसूम. मग निम्मा खर्च आला. उरलेला ताईने सोसला. मला वाटते, ग्राहक मंचाचा उल्लेख त्यांना अधिक कळला असावा.

काम बारा दिवस चालणार होते. ताईने मिस्त्रींना एकच प्रश्न विचारला, “मंगळवारी आणि शुक्रवारी यांना कसे न्यायचे?” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “माझी व्हॅन आहे, ताई. सकाळी किती वाजता?”