घरट्याचं नुकसान फक्त तीनशे रुपये, मग गोंदियातले सारस कमी का होतायत?

दरवर्षी जून महिन्यात गोंदिया जिल्ह्यातून एक छोटी बातमी येते. सारस पक्ष्यांची गणना झाली, यंदा इतके सापडले. दोन दिवस फोटो शेअर होतात, 'प्रेमाचं प्रतीक' असं कॅप्शन पडतं आणि विषय संपतो.

पण तो आकडा नीट बघितला तर टेन्शन येतं. पाच-सहा वर्षांपूर्वी जिल्ह्यात सारस चाळीसच्या आसपास होते. २०२३-२४ पर्यंत ते तिशीच्या आसपास आले. आणि महाराष्ट्रात सारस म्हटलं की जवळपास गोंदियाच. शेजारच्या भंडारा आणि चंद्रपूरमध्ये ते अगदी बोटांवर मोजण्याइतके दिसतात. तुलनेसाठी सांगायचं तर उत्तर प्रदेशात २०२३ च्या गणनेत १९ हजारांहून जास्त सारस मोजले गेले. आपल्याकडे मात्र एसटीच्या एका बसमध्ये मावतील एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, जंगल तुटलं असेल, शिकार झाली असेल. पण सारस जंगलात राहतच नाही. तो राहतो गावात. म्हणून हा विषय समजून घ्यायचा तर गोंदिया तालुक्यातल्या परसवाड्यासारखं एखादं गाव डोळ्यासमोर आणावं लागतं.

परसवाडा आणि आजूबाजूचा मुलूख

नावावरून गोंधळ नको. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात परसवाडा नावाचा तालुका आहे, तो वेगळा. आपण बोलतोय गोंदियातल्या छोट्या परसवाड्याबद्दल. इथला तलाव पक्षी बघणाऱ्यांमध्ये फेमस आहे. हिवाळ्यात बाहेरून आलेली बदकं इथे उतरतात आणि सारसाच्या जोड्याही दिसतात. जवळचं झिलमिली हे असंच दुसरं गाव.

या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात गेलात तर मांडणी साधारण सारखीच दिसते. एका बाजूला मातीची पाळ बांधून अडवलेला तलाव. पाळीच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे चारही बाजूंनी धुरे घातलेले, पाणी धरून ठेवणारे शेताचे तुकडे. थोडं पुढे नदी, कुठे वैनगंगा तर कुठे बाघ. नदीच्या पलीकडे बालाघाट. सारस सकाळी महाराष्ट्रात चरतो आणि संध्याकाळी मध्य प्रदेशात मुक्कामाला जातो, म्हणून गणनाही दोन्ही बाजूंनी करावी लागते.

यातला तलाव निसर्गाने दिलेला नाही. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी त्यातले बरेचसे बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि त्यांना नवं नाव मिळालं : माजी मालगुजारी तलाव. शॉर्टमध्ये 'मामा तलाव'.

थोडक्यात काय, तर ज्याला आपण सारसाचं नैसर्गिक घर म्हणतो, ते माणसाने धान पिकवण्यासाठी तयार केलंय.

सारस धानात करतो काय?

सारस हा जगातला सगळ्यात उंच उडणारा पक्षी. उभा राहिला की जवळपास सहा फूट, म्हणजे बऱ्याच माणसांपेक्षा उंच. त्याला लागतं उथळ पाणी. त्यात उभं राहून तो कंद, किडे, बेडूक, गोगलगायी, सांडलेलं धान असं काहीही खातो.

पाऊस सुरू झाला, रोवणी झाली की जोडी जागा शोधते. तलावाच्या कडेला गवत शाबूत असेल तर तिथे, नाहीतर सरळ बांधीत. गवत आणि धानाची रोपं उपटून साधारण दोन मीटर रुंदीचा ढीग रचला जातो. त्यावर बहुतेक वेळा दोन अंडी. नर आणि मादी आळीपाळीने महिनाभर अंडी उबवतात. पिल्लू उडायला लागेपर्यंत आणखी तीनेक महिने. म्हणजे रोवणीपासून कापणीपर्यंतचा पूर्ण हंगाम हे कुटुंब कुणाच्या तरी शेतात भाडं न देता राहतं.

मग शेतकऱ्याचं नुकसान किती? चला, हिशोब करू. दोन मीटर रुंदीच्या घरट्याची जागा सुमारे तीन चौरस मीटर. आजूबाजूला उपटलेलं आणि तुडवलेलं धान धरून दहापट करू, म्हणजे ३० चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एकरी १८ क्विंटल उत्पन्न धरलं तर नुकसान होतं साधारण १३ किलो धानाचं. २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव आहे क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे नुकसान तीनशे-सव्वातीनशे रुपयांचं.

एवढ्या रकमेसाठी राज्यातून एक पक्षी संपणार असेल तर तो विनोदच म्हणायचा. त्यामुळे खरी अडचण या तीनशे रुपयांच्या पलीकडे आहे.

मग अडतंय कुठे?

पहिलं, विजेच्या तारा. सारस जड पक्षी आहे, उडायला धावपट्टी लागल्यासारखा धावतो आणि हळूहळू वर चढतो. शेतातल्या पंपांसाठी ओढलेल्या तारा नेमक्या त्याच उंचीवर असतात. आधीच तीस पक्षी, त्यात प्रजनन करणाऱ्या जोड्या आणखी कमी. एक तार एक पक्षी मारते, पण जोडी मोडली की पुढच्या कित्येक वर्षांची पिल्लंही जातात.

दुसरं, औषधं. गोंदियात खरिपासोबत जिथे पाणी आहे तिथे उन्हाळी धानही घेतलं जातं. तुडतुडा, खोडकिडा आला की फवारणी करावीच लागते, कारण घर त्या पिकावर चालतं. पण त्याच फवारणीत बेडूक आणि गोगलगायीही जातात. तेच तर पिल्लाचं खाणं.

तिसरं, तलाव. गाळ साचतो, कडेला बेशरम माजते, हद्दीत अतिक्रमण होतं. उपाय म्हणून जेसीबी लावून खोल खोदलं जातं. पाणीसाठा वाढतो हे खरं. पण कडा सरळ उभी कापली गेली की उथळ पट्टा संपतो, आणि सारसाला हवा असतो नेमका तोच पट्टा.

कायदा आहे ना?

आहे. सारस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसाच्या घटत्या संख्येच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या आल्या. विजेच्या तारांचा प्रश्नही कोर्टापुढे गेला.

पण गंमत पुढे आहे. पक्ष्याला संरक्षण मिळालं, त्याच्या घराचं काय? पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. या नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून धानाची शेतं वगळली आहेत. नदीचं पात्र वगळलंय. आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठेही वगळले आहेत.

आता परसवाड्याचं चित्र परत आठवा. तलाव, बांध्या, नदी. सारस जिथे जिथे राहतो, ती प्रत्येक जागा या वगळलेल्या यादीत सापडते.

ही सूट चुकीची आहे असंही नाही. उद्या प्रत्येक बांधी 'पाणथळ जागा' ठरली तर शेतकऱ्याने धुरा दुरुस्त करायला परवानगी मागायची का? तलावावर जगणाऱ्या ढिवर बांधवांनी जाळं टाकायचं की नाही? गावात संवर्धनाचं नाव निघालं की लोक बिचकतात ते यामुळे. पक्षी आवडत नाही असं नसतं. पक्ष्यामागून येणाऱ्या फाईलची भीती असते.

हे आधी जमलंय का?

जमलंय, आणि इथेच. 'सेवा' या गोंदियातल्या संस्थेच्या नोंदींनुसार २००४ च्या सुमारास जिल्ह्यात फक्त चार सारस उरले होते. तिथून चाळीसपर्यंतची मजल कुंपण घालून मारली गेली नाही. कार्यकर्ते शेतकऱ्यांना भेटत राहिले, घरट्यांवर नजर ठेवत राहिले, गावातल्या पोरांना सोबत घेत राहिले. शेतकऱ्यांनी घरटी राहू दिली म्हणून पिल्लं जगली.

तलावाचंही तसंच. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी 'फीड' संस्थेसोबत काही तलावांतली बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. उद्देश होता मासे वाढवण्याचा. पण ज्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या कडेला मासा अंडी घालतो, तीच कड पक्ष्यांनाही लागते.

बाहेरची दोन उदाहरणं बघू. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर कॉर्नक्रेक नावाचा पक्षी गवताच्या कुरणात घरटं करतो. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांना गवत उशिरा आणि मधून बाहेरच्या दिशेने कापण्यासाठी पैसे दिले गेले, म्हणजे पिल्लांना पळायला वाट मिळते. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये हाक देणारे नर पाचशेच्या आत होते, २०१४ पर्यंत ते बाराशेच्या वर गेले. पुढे संख्या परत घटली. म्हणजे असलं काम एकदा करून संपत नाही, ते चालू ठेवावं लागतं.

दुसरं उदाहरण कंबोडियाचं. तिथे 'आयबिस राइस' नावाने तांदूळ विकला जातो. जंगल आणि पाणथळ न मोडता, शिकार न करता, रासायनिक औषधं न वापरता पिकवला तर शेतकऱ्याला जादा भाव मिळतो. पक्षी राहिला तर शेतकऱ्याचा फायदा, असं सरळ गणित.

गोंदिया तर तांदळाच्या गिरण्यांसाठीच ओळखला जातो. धान आहे, गिरण्या आहेत, पक्षीही अजून आहे. या तिघांना जोडणारी योजना मात्र उभी राहायची आहे.

पुढच्या जूनमध्ये काय बघायचं?

गणनेचा आकडा येईल, तो शेअर कराच. पण सोबत तीन प्रश्न विचारा. यंदा किती घरटी शेतात झाली आणि त्या शेतकऱ्यांच्या हातात काय पडलं? सारसाच्या मुक्कामाजवळच्या किती किलोमीटर तारांवर आवरण बसलं किंवा त्या जमिनीखाली गेल्या? किती तलावांची उथळ कड वाचवून गाळ काढला गेला?

एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून संख्या दोन-चारने वाढेलही. पण या तीन प्रश्नांना उत्तरं नसतील, तर गोंदियातला सारस कुठल्या तरी शेतकऱ्याच्या चांगुलपणावर तगून आहे इतकंच त्याचा अर्थ. आणि तो शेतकरी आत्ताच कर्ज, कीड आणि धानाच्या भावाशी लढतोय.