योगवर्गाचं बुकिंग करताना खालची ती टिक

गेल्या आठवड्यात काचबिंदूचे एक रुग्ण सहज म्हणाले, "डॉक्टर, शीर्षासन जमायला लागलंय!" मी दचकलोच. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीपर्यंत वाढू शकतो, आणि तोच कमी ठेवायला आपण रोज थेंब घालतो.

"वर्गात आजार सांगितला होता?"

"छे हो. मोबाइलवर टिक केली, पैसे भरले."

ती टिक कशावर होती? बहुधा अशा मजकुरावर: मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही, पैसे परत मिळणार नाहीत. पण फी घेऊन दिलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. शिक्षकाने निष्काळजीपणे पाठ दाबली, तर त्या एका ओळीने त्याची सुटका होईलच असं नाही. मात्र आजार आपणच दडवला, तर त्याला तरी कसं कळणार?

माझं मत स्पष्ट आहे. फॉर्मवर आजाराचा रकाना आधी हवा, जबाबदारीचं कलम नंतर. रकाना नसेल तर पहिल्याच दिवशी तोंडी सांगा: काचबिंदू, रक्तदाब, हर्निया, ठिसूळ हाडं, गरोदरपण. हर्निया असताना किंवा गरोदरपणात कपालभाती नको. हाडं ठिसूळ असतील तर कंबरेतून खोल वाकणं टाळा.

आणि पैसे परत न देण्याचा नियम? बुडतील म्हणून अंगात ताप घेऊन वर्गाला जाणारेही मी पाहिलेत. आजारपणात दिवस बदलून मिळेल का, हे बुकिंगआधीच विचारा.

आमच्या त्या काकांनी शीर्षासन सोडलंय. वर्ग चालू आहे.